घमेली हातोहात: रक्तवाहिनीच्या भिंतीत कोलेस्टेरॉल येतं कसं आणि जातं कसं



मागच्या महिन्यात एका गटाची बैठक संपत आली होती. बचत जमा झाली, कर्जाचे हप्ते आले, प्रोसिडिंगवर सह्या झाल्या. तेवढ्यात एका ताईंनी पिशवीतून घडी घातलेला कागद काढला आणि म्हणाल्या, "मॅडम, एवढं वाचून दाखवा."

त्यांच्या मालकांचा रक्ताचा रिपोर्ट होता. दीड वर्षापूर्वी मालकांना हृदयविकाराचा झटका आला होता. स्प्रिंग टाकली, म्हणजे स्टेंट, आणि रोजच्या गोळ्या सुरू झाल्या. तेव्हा एलडीएल १६८ होतं. तीन महिन्यांपूर्वीच्या या रिपोर्टमध्ये ते ६६ आलं होतं. मी म्हटलं, "ताई, हे तर छान आहे." त्या म्हणाल्या, "हो ना. म्हणून तर दोन महिने झाले, त्यातली कोलेस्टेरॉलची गोळी बंद केली. आता कमी झालंय ना? तेवढेच महिन्याचे पैसे वाचतात."

शेजारच्या ताई म्हणाल्या, "आणि ते तर काडीसारखे बारीक. त्यांच्या अंगात चरबी आली कुठून?"

मी त्यांना एवढंच सांगितलं की डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी बंद करू नका. पण "का?" याचं धड उत्तर माझ्याकडे नव्हतं. "एक चांगलं कोलेस्टेरॉल असतं, एक वाईट" एवढंच मीही ऐकलेलं. मग उपकेंद्राच्या समुदाय आरोग्य अधिकारी मॅडमजवळ बसले, वाचलं, समजून घेतलं. जे कळलं ते या अंकात तुमच्यासमोर ठेवते. विषय जरा आतला आहे, पण गटाचा हिशोब समजणाऱ्या बाईला हाही समजेल. कारण हासुद्धा जमा आणि खर्चाचाच हिशोब आहे.

कोलेस्टेरॉल शत्रू नाही

आपलं शरीर अगदी बारीक बारीक पेशींचं बनलेलं आहे. प्रत्येक पेशीला बाहेरून एक पातळ आवरण असतं. ते आवरण नीट राहायला कोलेस्टेरॉल लागतं. पाळीचं चक्र चालवणारी संप्रेरकं, अन्न पचवणारं पित्त, उन्हात अंगात तयार होणारं ड जीवनसत्त्व, हे सगळं बनायलाही कोलेस्टेरॉलच लागतं. म्हणून शरीर ते स्वतः बनवतं. यकृत, म्हणजे लिव्हर, यात पुढे असतं. अंगातलं बरंचसं कोलेस्टेरॉल ताटातून आलेलं नसून घरचंच असतं. त्यामुळे बारीक माणसाचंही कोलेस्टेरॉल वाढू शकतं.

अडचण एकच. कोलेस्टेरॉल तेलासारखं आहे आणि रक्त पाण्यासारखं. तेल पाण्यात विरघळत नाही. मग ते रक्तातून न्यायचं कसं? त्यासाठी शरीराने गाड्या केल्या आहेत. आत चरबी आणि कोलेस्टेरॉल, बाहेर प्रथिनांचं वेष्टन. प्रथिनं म्हटलं की आपल्याला डाळ आणि अंडी आठवतात. पण शरीर त्या डाळी-अंड्यांतल्या प्रथिनांचे तुकडे करून त्यातून स्वतःची हजारो प्रकारची प्रथिनं घडवतं आणि प्रत्येकाला वेगळं काम देतं. कुणी दार, कुणी हमाल, कुणी गाडी.

एलडीएल ही माल घरोघर पोचवणारी गाडी. एचडीएल ही जास्तीचा माल परत यकृताकडे नेणारी गाडी. दोन्हींतलं कोलेस्टेरॉल एकच. चांगलं-वाईट असं आपण म्हणतो ते गाडी कुठल्या दिशेला चालली आहे त्यावरून.

माल आत येतो

एलडीएलची गाडी पेशीपाशी आली की पेशीच्या आवरणावर बसलेलं एक प्रथिन तिला ओळखतं, धरतं आणि आत घेतं. त्याला एलडीएल रिसेप्टर म्हणतात. आपण त्याला पुढचं दार म्हणू. हे दार अमेरिकेतल्या डॅलस शहरात मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टाइन या दोन शास्त्रज्ञांनी शोधलं आणि त्याबद्दल त्यांना १९८५ चं नोबेल पारितोषिक मिळालं.

या दाराची खुबी अशी की ते हिशोबी आहे. पेशीत कोलेस्टेरॉल पुरेसं झालं की पेशी दारं कमी करते. "पुरे झालं" हे तिला कळतं.

काही घराण्यांत हे दार जन्मतःच बिघडलेलं असतं. माल कुणी घेत नाही आणि एलडीएलच्या गाड्या रक्तातच फिरत राहतात. अशा घरात तिशी-चाळिशीतच झटका येऊ शकतो. लोक म्हणतात, नशीब, नाहीतर नजर लागली. ते तसं नसतं. घरात कुणाला कमी वयात झटका आला असेल तर त्याच्या भावंडांची आणि मुलांची कोलेस्टेरॉलची तपासणी जरूर करून घ्या.

आतली घमेल्यांची रांग

पाणलोटाच्या कामावर किंवा श्रमदानात आपण रांगेत उभं राहून घमेली हातोहात पुढे देतो ना, तसंच पेशीच्या आत चालतं. आत आलेली गाडी आधी एका लहानशा पिशवीत जाते. तिचं नाव लायसोसोम. तिथे गाडी फोडली जाते आणि कोलेस्टेरॉल सुटं होतं. पण सुटं झालं तरी ते पाण्यात तरंगत पुढे जाऊ शकत नाही. कुणीतरी उचलून द्यावंच लागतं. तिथे एनपीसी-२ नावाचं प्रथिन ते उचलतं आणि पिशवीच्या भिंतीत बसलेल्या एनपीसी-१ या दुसऱ्या प्रथिनाच्या हातात देतं. तिथून ते पिशवीबाहेर पडतं आणि पेशीत जिथे गरज असेल तिथे जातं.

यातला एक हात जरी नसला तर? निमन-पिक सी नावाचा एक दुर्मीळ आजार आहे. त्यात या दोनपैकी एक प्रथिन जन्मतः बिघडलेलं असतं. कोलेस्टेरॉल पिशवीतच अडकतं, ढीग साचतो आणि यकृत, प्लीहा, मेंदू यांना इजा होते. बहुतेकदा तो मुलांनाच होतो. एनपीसी-१ चं जनुक १९९७ मध्ये सापडलं. म्हणजे रांगेतली एक बाई उठून गेली की सगळं काम ठप्प होतं, हे पेशीच्या आतही खरं आहे.

गरजेपेक्षा जास्त झालेलं कोलेस्टेरॉल पेशी बदलून घेते आणि थेंबांच्या रूपात साठवते. थोडा साठा चालतो. पण चाळीत कांदा भरतच राहिलो आणि विकायला काढलाच नाही, तर पुढे काय होतं ते कांदा लावणाऱ्या ताईंना सांगायला नको.

मागचं दार आणि एका बेटावरचा मुलगा

जास्तीचा माल बाहेर काढायला पेशीला मागचं दार आहे. त्या प्रथिनाचं नाव एबीसीए-१. ते आतलं कोलेस्टेरॉल उचलून आवरणाबाहेर देतं. बाहेर एपीओ-ए-१ नावाचं प्रथिन रिकाम्या पोत्यासारखं वाट बघत असतं. ते भरायला लागलं की त्याचीच पुढे एचडीएलची गाडी होते. ती गाडी यकृताकडे जाते आणि यकृत त्यातलं काही कोलेस्टेरॉल पित्तावाटे शरीराबाहेर टाकतं.

या दाराचा शोध लागायला एका लहान बेटावरची हकीकत कारणी लागली. अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यात चेसापीक उपसागरात टँजिअर नावाचं बेट आहे. मासे आणि खेकडे पकडणाऱ्यांची छोटी वस्ती. तिथल्या एका पाच वर्षांच्या मुलाचे टॉन्सिल फार मोठे आणि चक्क नारिंगी-पिवळे दिसले. तपासलं तर त्यात कोलेस्टेरॉल गच्च भरलेलं. त्याच्या बहिणीचंही तसंच. आणि दोघांच्या रक्तात एचडीएल जवळजवळ नव्हतंच. डोनाल्ड फ्रेडरिक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६१ मध्ये हा आजार मांडला आणि त्याला बेटाचंच नाव पडलं, टँजिअर आजार.

कारण कळायला मात्र जवळजवळ चाळीस वर्षं गेली. १९९९ मध्ये वेगवेगळ्या गटांच्या संशोधकांना एकाच सुमारास सापडलं की या लोकांत एबीसीए-१ चं जनुक बिघडलेलं असतं. मागचं दार उघडतच नाही. माल आत साचतो. बाहेरचं पोतं रिकामंच राहतं, आणि रिकामं पोतं शरीर लवकर काढून टाकतं. म्हणून रक्तात एचडीएल दिसत नाही.

आता भिंतीकडे येऊ

रक्तवाहिनी म्हणजे नुसती प्लॅस्टिकची नळी नव्हे. हृदयाकडून रक्त नेणाऱ्या धमनीच्या भिंतीला तीन थर असतात. आत गुळगुळीत अस्तर, मध्ये स्नायूंचा थर, बाहेर वेष्टन. मधल्या स्नायूपेशी गरजेप्रमाणे आवळतात आणि सैल होतात. त्यामुळे कुठे किती रक्त जायचं आणि दाब किती राहायचा हे सांभाळलं जातं. हे स्नायू आपल्या इच्छेने हलत नाहीत, आपोआप रात्रंदिवस काम करतात.

रक्तात एलडीएल वर्षानुवर्षं जास्त राहिलं की गाड्या अस्तरातून आत शिरून भिंतीत अडकतात. तिथे त्या बिघडतात, चिकटून गठ्ठे होतात. काही स्नायूपेशी मधला थर सोडून अस्तराजवळ येतात आणि हा बिघडलेला माल आत घेऊ लागतात. पण हा माल पुढच्या हिशोबी दाराने येत नाही. तो दुसऱ्या दारांनी येतो, आणि त्या दारांना "पुरे" म्हणायचं माहीत नाही. पेशी थेंबांनी भरत जाते. सूक्ष्मदर्शकाखाली ती साबणाच्या फेसासारखी दिसते, म्हणून तिला फेसाळ पेशी म्हणतात.

पुष्कळ वर्षं असं मानलं जायचं की या फेसाळ पेशी म्हणजे मुख्यतः रक्तातून आलेल्या सफाई करणाऱ्या पांढऱ्या पेशी. २०१४ मध्ये कॅनडातल्या व्हँकुव्हरच्या संशोधकांनी माणसांच्या हृदयाच्या धमन्या तपासून दाखवलं की त्यातल्या निम्म्याच्या आसपास फेसाळ पेशी मूळच्या स्नायूपेशी असतात. आणि दुसरी गोष्ट अशी दिसली की अस्तराजवळच्या या स्नायूपेशींत एबीसीए-१ हे मागचं दार पांढऱ्या पेशींपेक्षा कमी असतं.

म्हणजे बघा, सफाईवाल्या पेशींचं कामच कचरा उचलणं. त्यांच्याकडे तो बाहेर काढायची सोय बरी असते. स्नायूपेशीचं काम आवळणं आणि सैल होणं. तिच्या डोक्यावर हे ओझं नव्याने आलं, आणि ते उतरवायला दारं कमी. आपल्यापैकी किती जणींना हे ऐकून ओळखीचं वाटेल!

पण या स्नायूपेशींना नुसती नावं ठेवू नका. याच पेशी चिवट धाग्यांचं झाकण बनवून साचलेल्या गोळ्याला वरून बांधून ठेवतात. झाकण घट्ट असेपर्यंत माणूस चालता-फिरता असतो, त्याला काही कळतही नाही. झाकण पातळ होऊन फाटलं की तिथे रक्ताची गुठळी होते, नळी बंद होते आणि झटका येतो. म्हणून तर लोक म्हणतात, "काल संध्याकाळी पारावर बसून गप्पा मारत होता."

मग एचडीएल वाढवलं की झालं?

मलाही असंच वाटलं होतं. शास्त्रज्ञांनाही वाटलं. टॉर्सेट्रापिब नावाच्या औषधाने एचडीएल खूप वाढायचं. सुमारे १५ हजार लोकांवर त्याची चाचणी चालू होती. पण औषध घेणाऱ्यांत मृत्यू जास्त झाले आणि डिसेंबर २००६ मध्ये चाचणी थांबवावी लागली. त्या औषधाने रक्तदाबही वाढत होता. पुढे एचडीएल वाढवणारी इतर औषधंही आजमावली गेली, पण आकडा वाढला तेवढा फायदा काही हाती लागला नाही.

कारण आता आपल्याला समजेल. रक्तात दिसणारं एचडीएल बरंचसं यकृताच्याच दारातून भरलेलं असतं. धमनीच्या भिंतीतल्या त्या ओझ्याखालच्या पेशींतून किती माल बाहेर पडला, ते या आकड्यावरून कळत नाही. बाजार समितीच्या आवारात किती टेम्पो उभे आहेत ते मोजून आपल्या शेतातला कांदा उचलला गेला की नाही, हे कसं कळणार? एचडीएल कमी असणं हा धोक्याचा इशारा आहे हे खरं. बाईचं ५० च्या खाली आणि पुरुषाचं ४० च्या खाली असेल तर डॉक्टर ते कमी धरतात. पण फक्त तो आकडा औषधाने फुगवून काम होत नाही.

ज्याचा फायदा पुन्हा पुन्हा सिद्ध झालाय तो उपाय म्हणजे आत येणारा माल कमी करणं, म्हणजे एलडीएल खाली आणणं आणि खालीच ठेवणं.

गोळी काय करते

कोलेस्टेरॉलसाठी बहुतेकांना स्टॅटिनची गोळी देतात. रिकाम्या पाकिटावर अ‍ॅटोर्वास्टॅटिन किंवा रोझुवास्टॅटिन असं नाव बघा. या जातीचं पहिलं औषध जपानच्या अकिरा एंडो यांनी १९७० च्या दशकात एका बुरशीतून शोधलं. ही गोळी यकृताला कोलेस्टेरॉल बनवू देत नाही. मग यकृताला कमी पडतं आणि ते आपल्या अंगावर एलडीएलची पुढची दारं वाढवतं. रक्तातल्या गाड्या ते ओढून घेतं. रक्तात एलडीएल कमी होतं आणि धमनीच्या भिंतीत शिरणारा मालही कमी होतो.

आता ताईंच्या प्रश्नाचं उत्तर. रिपोर्टमध्ये ६६ आलं ते गोळी चालू होती म्हणून. गोळी थांबली की यकृत पुन्हा पहिल्यासारखं बनवायला लागतं, दारं कमी होतात आणि काही आठवड्यांत आकडा पुन्हा वर जातो. दुखत काही नाही, म्हणून कळतही नाही. बंधाऱ्याचं गेट बंद केल्यावर गावात पाणी आलं नाही, म्हणून कुणी गेट काढून टाकत नाही. झटका येऊन गेलेल्या माणसाचं एलडीएल डॉक्टर मुद्दाम ७० च्या खाली, कधी त्याहूनही खाली ठेवतात. इतरांना चालतो तो आकडा त्यांना चालत नाही.

गोळीने अंग दुखतं असं वाटलं, खर्च झेपत नाही असं वाटलं, तर ते डॉक्टरांना सांगा. मात्रा किंवा गोळी बदलता येते. सरकारी दवाखान्यात आणि जनऔषधी केंद्रात चौकशी करा, तिथे औषध बरंच स्वस्तात पडतं. आणि बाई गरोदर असेल किंवा मूल हवं असेल तर स्टॅटिन घेण्याआधी डॉक्टरांना तसं सांगणं फार गरजेचं आहे.

आपल्या घरात, आपल्या गटात

पाळी चालू असते तोवर इस्ट्रोजेन हे संप्रेरक यकृतावरची एलडीएलची दारं वाढवायला मदत करतं. पाळी गेली की ही मदत थांबते आणि एलडीएल वाढू लागतं. म्हणून "हा पुरुषांचा आजार" असं म्हणून पन्नाशीतल्या बाईने गाफील राहू नये. तीस वर्षांच्या पुढे सगळ्यांची बीपी आणि साखरेची तपासणी उपकेंद्रात मोफत होते. आशाताईंकडे नाव द्या. दोन्हींपैकी काही वाढलेलं निघालं, तर लिपिड प्रोफाइल कुठे होईल ते तिथेच विचारा.

तेलाच्या पाकिटावर "कोलेस्टेरॉल फ्री" लिहिलेलं बघून जास्त पैसे मोजू नका. शेंगदाणा, करडई, सोयाबीन, कुठल्याही वनस्पतीच्या तेलात कोलेस्टेरॉल असं नसतंच. बघायचं ते वेगळं. वनस्पती तूप, पाम तेल यांत अशी चरबी जास्त असते की तिच्यामुळे यकृतावरची दारं कमी होतात. ट्रान्स फॅट तर एलडीएल वाढवते आणि एचडीएल कमी करते. तेल-तुपात ती २ टक्क्यांच्या वर असू नये असा नियम जानेवारी २०२२ पासून देशभर आहे. ज्या गटांचा चिवडा, शेव, फरसाणचा धंदा आहे त्यांनी हेही लक्षात ठेवावं की तळून तळून काळं झालेलं तेल वापरण्यावर जुलै २०१८ पासून कायद्याने मर्यादा आहे. आपलं पाकीट कुणाच्या तरी लेकराच्या हातात जाणार आहे.

आणि एक गोष्ट हात जोडून सांगते. मिश्री. "दातालाच तर लावते" असं म्हणतो, पण त्यातलं निकोटिन हिरड्यांतून रक्तात जातं, हृदयाचे ठोके आणि दाब वाढवतं. मालकांची विडी, सिगारेट तर रक्तवाहिनीचं अस्तरच खराब करते. ज्या भिंतीवर आधीच ओझं आहे, तिला आणखी धक्के कशाला?

छातीत दाब किंवा कळ, डाव्या हातात, जबड्यात, पाठीत दुखणं, दरदरून घाम, धाप, मळमळ, यातलं काही अचानक झालं तर "पित्त झालं असेल" म्हणत सोडा पिऊन बसू नका. बाईला कधी कधी छातीपेक्षा धाप, मळमळ आणि थकवाच जास्त जाणवतो. लगेच १०८ ला फोन करा.

त्या ताई पुढच्याच सोमवारी मालकांना घेऊन डॉक्टरांकडे गेल्या. गोळी पुन्हा सुरू झाली. या महिन्याच्या बैठकीत त्यांनी स्वतःच सगळ्यांना सांगितलं, "आकडा कमी आला तो गोळीमुळे. गोळी सोडली की आकडा परत येतो." माझ्या दोन पानांचं सार त्यांनी दोन वाक्यांत सांगितलं.

पुढच्या बैठकीत प्रोसिडिंग झाल्यावर दहा मिनिटं काढा. कुणाच्या घरात बीपीची, साखरेची, कोलेस्टेरॉलची गोळी चालू आहे आणि कुणी ती मनानेच सोडली आहे, एवढंच एकमेकींना विचारा. हप्ता चुकला की आपण सगळ्या मिळून त्या बाईच्या घरी जातो. गोळी चुकली तरी जाऊ या.

तुमची,
क्षेत्र समन्वयक